गोकुळभाऊचा आवाज

धम्मपाल हिवराळेची नजर एकदम गेली नाही. आधी कागदाच्या कडा गेल्या.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्याचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, बुद्धवंदनेच्या पुस्तिका, शाळांचे अहवाल, असलं काम. हिवराळेच्या हातून अक्षराची चूक सुटत नाही, असा त्याचा बोलबाला होता. आणि एका लग्नसराईत चुका सुटायला लागल्या. ओळीच्या शेवटचा शब्द राहून जायचा. एका पत्रिकेत नवरीच्या आडनावाचं शेवटचं अक्षरच गाळलं गेलं, आणि मुलीचा मामा दुकानात येऊन नको नको ते बोलून गेला. धम्मपालनं चष्मा बदलला. पुन्हा बदलला. शेवटी सुलेखानं, त्याच्या बायकोनं, त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, तेव्हा काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नसते, उरली तेवढी जपायची, असं डॉक्टर म्हणाले. औषधाचे थेंब वेळच्या वेळी पडत राहिले, तरी तीही उरली नाही. पंचेचाळिशी गाठेपर्यंत त्याला फक्त दिवस आणि रात्र एवढंच कळायचं, मग तेही पुसट झालं.

दुकान सुलेखानं बंद पडू दिलं नाही. दहावी शिकलेली बाई. आधी ती पुस्तिका शिवायची, डकवायची. आता तिनं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं मशीन सांभाळायला घेतलं. धम्मपाल आपल्या जुन्या खुर्चीवर, जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून असायचा. कॉम्प्युटर बंदच असायचा. पण घरी बसलं की त्याचा जीव गुदमरायचा, म्हणून रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सुलेखाच्या खांद्यावर हात ठेवून दुकानात यायचा आणि कीबोर्डवर बोटं टेकवून बसायचा.

तसाच बसलेला असताना गोकुळ तुपे दुकानात आला.

गोकुळ फुलंब्रीचा. घरची थोडी शेती भाऊ बघायचा. हा शहरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होता, रोज मोटारसायकलवरून जाऊन-येऊन. लॅबच्या दारावर लावायच्या सूचना लॅमिनेट करून घ्यायला तो आला होता. मशीन तापेपर्यंत उभा राहिला आणि त्याचं लक्ष धम्मपालच्या बोटांकडं गेलं. बंद कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर ती बोटं हलत होती.

"काय टाइप करून राहिले, भाऊ?"

धम्मपाल ओशाळला. "काही नाय. सवय आहे हाताला."

"बघायला लागत नाय तुम्हाला कीबोर्डकडं?"

"कधीच लागलं नाय. अडचण कीबोर्डची नाय हो. पडद्यावर काय उमटलं ते कोण सांगणार?"

"मशीन सांगल की," गोकुळ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तो पेनड्राइव्ह घेऊन आला. दुकानातल्या त्या जुन्या मशीनवर नवं विंडोज चाललं नसतं. गोकुळनं त्याच्यावर लिनक्स टाकलं आणि त्यातला स्क्रीन रीडर सुरू केला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे येईल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. आवाज माणसाचा नव्हता, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा होता, आणि मराठी तर असा वाचायचा की सुलेखाला हसू आवरेना. पण धम्मपालनं आपलं नाव टाइप केलं, आणि त्या पत्र्याच्या आवाजानं "धम्मपाल" म्हटलं. त्यानं ते पुसून पुन्हा टाइप केलं. सुलेखाचं हसू थांबलं. ग्राहक कुणी नसतानाही ती उठून झेरॉक्सच्या मशीनकडं गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

वर्षभरात दुकानाचं रूप पालटलं. पत्रिका जमणार नव्हत्या, त्यात फुलं, रंग, गणपती, सगळा डोळ्यांचा मामला. पण अर्ज, निवेदनं, प्रतिज्ञापत्रं, पोरांचे प्रकल्प हे सगळं धम्मपाल ऐकून टाइप करायला लागला. लोक समोरच्या स्टुलावर बसून सांगायचे, तो लिहायचा, मशीन वाचून दाखवायचं. शुद्धलेखनाला तो आधीपेक्षा कडक झाला. ऱ्हस्वदीर्घाची शंका आली की शब्द अक्षर-अक्षर करून ऐकायचा.

हे काही सरळ मार्गानं झालं नाही. मशीन रुसायचं. कधी मराठीचा कीबोर्ड गायब व्हायचा, कधी प्रिंटर कागद ओढायचा नाही. अशा वेळी धम्मपाल गोकुळला फोन लावायचा.

"गोकुळभाऊ, प्रिंटर मेला."

"मेला का नाय ते मी ठरवतो. तुम्ही काय केलं, आणि मग काय झालं, तेवढंच सांगा."

ही त्याची पद्धत. लॅबमधल्या पोरांनाही तो तसंच म्हणायचा. काय बिघडलंय हा आपला अंदाज सांगायचा नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं. मशीननं काही निरोप दिला असेल तर तो शब्दाला शब्द सांगायचा, मनानं मराठी करून नाही. कालपर्यंत चालत होतं का? मग कालपासून आजपर्यंत काय बदललं? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, दोन नाही. धम्मपालला आधी राग यायचा. सरळ उपाय सांगायचा सोडून हा उलट प्रश्न काय विचारतो? मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की प्रश्नांची उत्तरं देता देता निम्म्या वेळा आपल्यालाच उपाय सापडतोय. मशीनमध्येच मदतीची पानं असतात, ती कशी उघडून ऐकायची ते गोकुळनं शिकवलं. काय घडलं त्याची नोंद मशीन स्वतः कुठं ठेवतं तेही शिकवलं. आणि इंटरनेटवर मराठी माणसांचा एक मदतगट होता, कुणाला लिनक्सची अडचण आली की तिथं लिहायची. गोकुळ तिथं वर्षानुवर्षं उत्तरं द्यायचा. त्या गटात त्यानं धम्मपाललाही घातलं.

"मी काय उत्तर देणार कुणाला?"

"आंधळ्या माणसानं स्क्रीन रीडर कसा चालवायचा, हे डोळसानं सांगायचं का? तुम्ही सांगा."

'आंधळा' हा शब्द गोकुळ सहज उच्चारायचा. बाकी सगळे तो टाळायचे. धम्मपालला ते बरं वाटायचं.

दोघांची मैत्री अशी जमली. कॉलेज सुटलं की फुलंब्रीला निघण्याआधी गोकुळ दुकानात टेकायचा. तिघांचा चहा व्हायचा. धम्मपालनं गोकुळला कधी पाहिलंच नव्हतं. सुलेखा म्हणायची, उंच आहेत, काळेसावळे, मिशी आहे. धम्मपालच्या लेखी गोकुळ म्हणजे एक भरदार, खर्जातला आवाज होता, शब्दाच्या शेवटी जरा हेल काढणारा, आणि त्याच्या मागून येणारा बिडीचा वास.

त्या आवाजात फरक पडला तो सगळ्यांच्या आधी धम्मपालच्या कानाला लागला.

"गोकुळभाऊ, घसा बसलाय तुमचा."

"लॅबमधी धूळ लई. पंखे लावले की उडती."

पंधरवडा गेला. घसा उघडला नाही. आवाजाला एक खरखर आली होती, आणि वाक्याच्या मध्येच तो थांबून आवंढा गिळायचा. पूर्वी तसा थांबायचा नाही.

"दाखवलं का डॉक्टरला?"

"गुळण्या करून राहिलो ना."

"गुळण्यांनी काय झालं?"

गोकुळ हसला. "माझंच शिकवलेलं माझ्यावर चालवता व्हय?" आणि विषय दुसरीकडं नेला.

सुलेखानंही एकदा सांगून पाहिलं. "भाऊ, बिडी तरी सोडा." त्यानं बिडी सोडली. पण डॉक्टरकडं गेला नाही. बायकोला, सरिताला, म्हणाला की कॉलेजात परीक्षा चालल्यात. आईला म्हणाला की गार पाणी बाधलं. उन्हाळा गेला, पोळा गेला. ज्या माणसानं उभ्या लॅबला सांगितलं की लक्षण लपवू नका, त्यानं आपल्या गळ्यातली गाठ हाताला लागेपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे धम्मपालला तेव्हा समजलं नव्हतं.

दिवाळीनंतर तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर. फार पसरला होता. जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोकुळ दुकानात आला. दवाखान्यात भरती व्हायला निघाला होता, सरिता बाहेर रिक्षात बसून होती. तो नेहमीच्या जागी बसला. आवाज म्हणजे नुसती फुंकर उरली होती. धम्मपालनं खुर्ची पुढं ओढून कान त्याच्याजवळ नेला.

"उद्यापासून फोन करून काय फायदा नाय," गोकुळ म्हणाला. "लिहून पाठवीन. तुमचं मशीन वाचल."

"व्हय."

मग धम्मपाल म्हणाला, "मोबाइलमधी थोडा रेकॉर्ड करून ठेवू का? काहीही बोला. नाव-गाव सांगा तुमचं."

"नको." गोकुळनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "हा काय माझा आवाज आहे का आता? तुमच्या कानात पहिला आहे ना, तो राहू द्या."

जाताना तो सुलेखाला "येतो वहिनी" म्हणाला, ते तिला ऐकूच गेलं नाही. धम्मपालनं तिला सांगितलं, ते तुला येतो म्हणाले. ती बोळाच्या तोंडापर्यंत धावत गेली, पण रिक्षा निघून गेली होती.

ऑपरेशन पार पडलं. गळ्याला भोक ठेवलं होतं, त्यातून श्वास. काही आठवड्यांनी गोकुळचा पहिला मेसेज आला. धम्मपालनं बटण दाबलं आणि पत्र्याच्या आवाजानं वाचलं, "मी घरी आलो. भूक लागते. आई शिरा करते. तुमचं कसं."

धम्मपालनं तो चारदा ऐकला. मग सुलेखाला म्हणाला, "त्याचा हेल नाय गं ह्याच्यात."

"मशीनला कुठला हेल असणार?"

"तेच म्हणतो."

पण सवय झाली. रोज मेसेज यायचे. बोलता यायचं नाही म्हणून की काय, गोकुळ पूर्वी बोलायचा त्यापेक्षा जास्त लिहायला लागला. मदतगटावरही पुन्हा उत्तरं द्यायला लागला. धम्मपाल त्याच्या मेसेजला वाचनाचा वेग मुद्दाम कमी करायचा. इतरांचं भरभर ऐकायचा, गोकुळचं सावकाश.

आणि एका सकाळी कॉम्प्युटर मुका झाला.

आदल्या दिवशी मशीननं अपडेट घेतलं होतं. सकाळी सुलेखानं बटण दाबलं, पंखा फिरला, पण नेहमीचा आवाज आला नाही. धम्मपालनं स्क्रीन रीडर सुरू करायची बटणं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. पडदा लागला होता, सुलेखाला सगळं नेहमीसारखं दिसत होतं; पण धम्मपालसाठी ते मशीन दगड झालं होतं. समोर एक म्हातारा निवेदन लिहून घ्यायला बसला होता, त्याला सुलेखानं उद्या या म्हणून सांगितलं.

धम्मपालचा हात सवयीनं आपल्या साध्या, बटणांच्या मोबाइलकडं गेला. गोकुळचा नंबर लावायला बोट उचललं आणि तसंच राहिलं. फोन उचलला तरी तो बोलणार कशानं?

"मी लिहिते त्यांना," सुलेखा म्हणाली. "माझ्या मोबाइलवरून. ते लिहितील ते मी तुम्हाला वाचून दाखवते."

"पडदा इंग्रजीत आहे."

"अक्षरं तर येतात ना मला."

तिनं स्टूल ओढलं आणि नवऱ्याशेजारी बसली. गोकुळला लिहिलं की कॉम्प्युटरचा आवाज गेला. लगेच उत्तर आलं. तिनं वाचलं, "स्पीकर मोबाइलला लावून बघा. गाणं लागतंय का?"

स्पीकर मोबाइलला लावला. गाणं लागलं.

"म्हणजे स्पीकर चांगला. आता परत मशीनला लावा. काळी खिडकी उघडा, धम्माभाऊला माहिती आहे. ही आज्ञा द्या." पुढं इंग्रजीतली एक ओळ होती. सुलेखानं ती एकेक अक्षर सांगितली, मध्ये आडवी रेघ आली तर आडवी रेघ म्हणून सांगितलं, आणि धम्मपालनं ती टाइप केली. त्या आज्ञेनं स्पीकरमधून खरखर यायला हवी होती. आली नाही.

"पडद्यावर काही चूक दाखवली का?"

सुलेखा पडद्याजवळ वाकली. "लाल काही नाही. आकडे येतात खाली खाली. चालू आहे असं वाटतं."

"वाटतं नको," धम्मपाल म्हणाला आणि थबकला. मग मऊपणानं म्हणाला, "काय दिसतं तेवढंच सांग."

"शून्य, आणि पुढं एफ आर ओ एन टी. मग एल ई एफ टी. मग एक, परत तेच, आर आय जी एच टी."

"फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट. म्हणजे मशीन आवाज काढून राहिलंय. तिकडं लिही."

तिनं लिहिलं. फुलंब्रीहून उत्तर आलं, "मग आवाज मेला नाही. कुठंतरी भलतीकडं चाललाय. ती खिडकी चालू राहू द्या, दुसरी उघडा. आवाज बाहेर पडायच्या वाटा किती आहेत ते विचारा." खाली पुन्हा एक ओळ.

ह्या वेळी पडद्यावर दोन लांबलचक ओळी उमटल्या. सुलेखानं स्टूल पुढं ओढलं. पदर खोचून, बोट ठेवून ती वाचायला लागली. मध्येच झेरॉक्स काढायला लोक येऊन उभे राहिले, त्यांना तिनं हातानंच थांबा म्हटलं. पहिल्या ओळीचा आकडा शून्य. नावाच्या शेवटी एच डी एम आय. आणि अगदी टोकाला, आर यू एन एन आय एन जी.

"रनिंग," धम्मपाल म्हणाला. "आणि दुसरी?"

"आकडा एक. ए एन ए एल ओ जी. टोकाला एस यू एस पी..."

"सस्पेंडेड." तो खुर्चीत मागं टेकला. "सुलेखा, एचडीएमआय म्हणजे पडद्याची वायर. अपडेटनंतर मशीननं वाट बदलली. आवाज पडद्याकडं चाललाय, आणि आपल्या पडद्याला स्पीकरच नाय."

सुलेखानं दोन्ही ओळी लिहून पाठवल्या; तिकडूनही तेच आलं. पुढं आज्ञा होती, शेवटी नुसता एक हा आकडा. धम्मपालनं ती टाइप केली, एंटर दाबलं, आणि स्पीकरमधून एकदम धबधब्यासारखी खरखर सुटली. सुलेखा दचकून उठली. झेरॉक्सला आलेला एक माणूस दोन पावलं मागं सरकला. धम्मपालनं खरखर बंद केली, स्क्रीन रीडरची बटणं दाबली, आणि पत्र्याचा आवाज भडाभडा बोलायला लागला. सकाळपासून साचलेलं सगळं बोलला. सुलेखानं तिकडं कळवलं, आणि थोड्याच वेळात त्याच आवाजात गोकुळचा मेसेज आला: "वहिनींना सांगा, लॅबमध्ये नोकरी पक्की."

त्या दिवशी तिघंही खूश होते, दोघं औरंगपुऱ्यात आणि एक फुलंब्रीत. धम्मपालच्या मनात आलं की आता बरं होईल सगळं.

पण होळीच्या सुमाराला मेसेज आखूड झाले. मग एकेका शब्दाचे. मग एक दिवस गोकुळच्या नंबरवरून सरितानं फोन केला. आजार फुप्फुसात उतरला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "येऊन जा," ती म्हणाली, "आठवण काढतात. म्हणजे, लिहितात."

धम्मपाल आणि सुलेखा बसनं फुलंब्रीला गेले. गोकुळची आई, सारजाबाई, ओसरीवर बसली होती. तिनं धम्मपालचा हात धरला आणि आत नेलं. "ये बाबा. तुझंच नाव असतंय त्याच्या मोबाइलात."

खोलीत औषधांचा वास होता आणि एक शिट्टीसारखा बारीक आवाज, आत-बाहेर, आत-बाहेर. तो गोकुळचा श्वास होता, गळ्यातल्या भोकातून येणारा. धम्मपालला खाटेशेजारी बसवलं. त्यानं "जय भीम, गोकुळभाऊ" म्हटलं. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही तो थांबला. इथं दुकानातलं मशीन नव्हतं. गोकुळला आता मोबाइल पेलत नव्हता. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही, असे दोघं समोरासमोर बसून राहिले.

मग गोकुळनं त्याचा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला, आणि त्यावर बोटानं काहीतरी ओढलं. धम्मपालला अर्थ लागला नाही. गोकुळनं पुन्हा ओढलं, सावकाश. एक आडवी रेघ. तिच्याखाली वाटोळा पोटाचा वळसा. बाजूला उभा काना. ज्या माणसानं आयुष्यभर अक्षरं जुळवली त्याच्या हाताला ह्या वेळी अक्षर समजलं.

"च," तो म्हणाला.

गोकुळनं तळवा पुसल्यासारखा केला आणि पुढचं अक्षर काढलं. हा.

"चहा. घेतो, घेतो. मावशी, चहा ठेवा म्हणतात."

सारजाबाई बाहेर गेली. तिच्यामागं सरिता आणि सुलेखाही गेल्या. खोलीत दोघंच उरले. धम्मपालनं आपला हात तसाच उघडा ठेवला होता.

"गोकुळभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही कधीच सांगितलं नाय. आता तरी सांगा. काय होतंय?"

शिट्टी आत-बाहेर होत राहिली. बोट तळव्यावर टेकलं आणि नुसतंच टेकून राहिलं. मग ते हललं. पहिलं अक्षर धम्मपालला दोनदा काढून घ्यावं लागलं. भ, आणि त्याला दुसरी वेलांटी. मग त, आणि पुन्हा वेलांटी.

भीती.

धम्मपालनं मूठ मिटली, त्याच्या बोटासकट. घाबरू नका, असं म्हणायला त्याची जीभ वळली नाही. "व्हय," एवढंच तो म्हणाला. चहा येईपर्यंत त्यानं ते बोट सोडलं नाही. गोकुळ पहिल्यापासूनच घाबरलेला होता, घसा बसला त्या दिवसापासून, हे त्याला तिथं बसून कळलं.

त्याच आठवड्यात गोकुळ गेला.

दहाव्याला ते दोघं पुन्हा फुलंब्रीला गेले. माणसं पांगल्यावर सारजाबाई धम्मपालजवळ येऊन बसली. बराच वेळ पदरानं नाक पुसत राहिली, मग म्हणाली, "एक इचारू का रे बाबा? तो त्या लॅपटॉपवर डोळे मिटून का बसायचा?"

"डोळे मिटून?"

"तुझी वळख झाली तवापासून. डोळे गच्च मिटायचा आन् बटणं दाबायचा. त्यातून कायबाय बोलायचं. मी म्हणायचे, झोपलास का काय? तर म्हणायचा, आई, थांब, धम्माला जे जमतं ते मला जमत नाय."

सुलेखानंच मग सारजाबाईला समजावून सांगितलं, जमेल तसं.

मदतगटावर बातमी त्यानंच लिहिली. पुढं कितीतरी दिवस लोक लिहीत होते. कुणाचा प्रिंटर गोकुळनं सुरू करून दिला होता, कुणाची पुसली गेलेली फोटोंची फाइल परत आणून दिली होती. ह्यांच्यातल्या कुणीच त्याला पाहिलेलं नव्हतं, आणि बहुतेकांनी त्याचा आवाजही ऐकलेला नव्हता. मशीन एकेक करून वाचत गेलं. धम्मपालनं सगळं ऐकलं. जेवायला उठला नाही.

पावसाळ्यात सरिता दुकानात आली. कॉलेजला अर्ज द्यायचा होता, नवऱ्याच्या जागेवर काही काम मिळतंय का ते बघायला. दुसऱ्या कुणाकडूनही तिला तो लिहून घेता आला असता. ती स्टुलावर बसली आणि खालच्या आवाजात सांगायला लागली. धम्मपालनं मायना लिहिला, विषय लिहिला. "माझे पती" लिहून झाल्यावर त्याची बोटं थांबली. नावाच्या आधी जे लिहायचं ते त्यानं आजवर शेकडो अर्जांत लिहिलं होतं. त्यानं ते लिहिलं, पुढं नाव लिहिलं आणि ओळ ऐकायला बटण दाबलं.

"माझे पती कै गोकुळ," मशीन म्हणालं.

सरितानं मान वर केली. "काय म्हणलं ते? कै काय?"

"आखूड लिहिलं की त्याला कळत नाय," धम्मपाल म्हणाला. "थांबा, पूर्ण लिहितो." त्यानं ते अक्षर पुसलं आणि तो शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत टाइप केला. ह्या वेळी त्यानं ऐकायचं बटण दाबलं नाही. "पुढं सांगा, वहिनी."

ती पुढं सांगायला लागली. सुलेखानं प्रिंटरमध्ये कागद घातला.